तीन बोटं

मिक्सर बंद पडला तेव्हा त्यात खिचडी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. आधी जळका वास आला, मग मागच्या जाळीतून निळ्या ठिणग्या दिसल्या आणि एक लांब घरघर करून तो थांबला. टेबलाशी बसलेल्या यांनी मान वर करून बघितलं. मी उरलेली खिचडी पुरणयंत्रातून काढली, वर तूप सोडलं, वाटी यांच्यापुढे ठेवली आणि मिक्सर कापडी पिशवीत घालून नागपूरच्या जुन्या महाल भागात गेले. बडकस चौकाजवळच्या एका गल्लीत कुकर-मिक्सर दुरुस्त करणारा बसतो. तो आणि त्याचे दुमडलेले गुडघे मावतील एवढंच दुकान. खिळ्यांवर लटकलेल्या रबरी रिंगा, शिट्ट्या, पाती, वर गजानन महाराजांचा फोटो आणि त्याला लाइटची माळ. त्याने मिक्सर उलटा केला, चार स्क्रू काढले, आत फुंकर मारली तर काळी भुकटी उडाली. "कार्बन पूर्ण गेले ना, ताई. हा घरचा आहे का कॅटरिंगचा?" मी म्हटलं, घरचाच, दीड वर्षापूर्वी घेतलेला. त्याने मिक्सरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दीड वर्षात इतके कार्बन? काय वाटून राहिले तुम्ही एवढं?"

"जेवण," मी म्हटलं.

त्याला गंमत वाटली. तो हसला आणि त्या हसण्याशीच मी अडकले. ओठ दोन्हीकडे ताणले गेले, डोळे बारीक झाले, पण वरचे दात खालच्या दातांपासून काही सुटले नाहीत. बोलतानाही तो दातांच्या फटीतूनच शब्द सरकवत होता. डाव्या गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरलेला होता, हे सांगायलाच नको. तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. मागे सातआठ वर्षांचा मुलगा, काखेत चाकं लावलेला लाकडी बैल, तान्ह्या पोळ्याला सजवायचा. तिने स्टुलावर डबा उघडला. महालातल्या कारागिराचा डबा, आणि त्यात लाल काहीच नव्हतं. वरण-भात कालवून अगदी मऊ केलेला, वर तुपाचा ठिपका, दुसऱ्या पुडात दही. ना तर्री, ना ठेचा, ना लोणच्याची फोड. "उपास आहे का?" मी उगाचच विचारलं. "नाही हो. यांना तिखट झोंबते आता. तोंडात आग होते म्हणतात. वर्ष झालं, मी सादंच करून राहिली." हट्टी पोराबद्दल बोलावं तशी ती बोलली. तो म्हणाला, उद्या पोळा, परवा या. मी चिठ्ठी घेतली आणि निघाले.

गांधी गेटपर्यंत आले आणि पाय थांबले. आपण काही बोललो नाही.

बोलायला फार नव्हतंच. आपल्याच हाताची तीन बोटं, पहिलं, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून दातांच्या मधे जायला हवीत. जात नसतील तर कोणाला तरी दाखवायचं. बस. वीस सेकंदांचं काम. मी सातवीच्या वर्गात रोज चाळीस मिनिटं बोलते. पण ग्राहकाने कारागिराला, तेही त्याच्या बायको-पोरासमोर, "तोंड उघडून दाखव" कसं म्हणायचं? आणि म्हटलं असतं तरी तो ऐकतो का? माझ्या घरी कोणी ऐकलं होतं?

यांचा खर्रा लग्नाच्याही आधीचा. पॉलिटेक्निकच्या दिवसांतला. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून पानठेल्यावर घोटतानाचा तो खस्स-खस्स आवाज मिक्सरच्या कितीतरी आधी आमच्या संसारात आला. धुवायच्या पँटच्या खिशांत पन्नीचे चुरगळलेले तुकडे सापडत. मी चिडत असे, अबोला धरत असे, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घालून झाली. राज्यात 2012 मध्ये गुटखाबंदी आली तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "आपण गुटखा थोडीच खातो." तोंड कधी लहान झालं हे आम्हा दोघांनाही कळलं नाही. पाणीपुरी दोन तुकडे करून खाऊ लागले, मग सोडूनच दिली. आलूबोंडा चमच्याने. जांभई अर्ध्यावर अडायची. सावजीच्या रश्शावर जीव टाकणारा माणूस भाजीतली मिरची बाजूला काढू लागला आणि मी म्हटलं, वयाप्रमाणे पोट सांभाळताहेत, चांगलंच आहे. मीही सादंच करत होते की. त्या बाईचा डबा बघून मला जे झालं ते यामुळे. तो डबा मी ओळखला. तसाच मी चार वर्षं भरला होता, आणि आपण काय करतो आहोत हे मला माहीत नव्हतं.

आणि आणखी एक, जे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. शाळेतून येताना कोपऱ्यावरच्या ठेल्यापाशी मी गाडी थांबवायची. यांचा फोन आलेला असायचा, "येताना दोन घेऊन ये." ठेलेवाला मला ओळखायचा. "सरांचा ना? चुना कमी." मी पदर सावरून, इकडेतिकडे बघत, दोन पुड्या पर्समध्ये टाकायची. पर्समध्ये वह्या तपासायची लाल शाई, घराची किल्ली आणि त्या पुड्या. भांडण टळतं, संध्याकाळ शांत जाते, एवढाच हिशेब. त्यामुळे पुढे जेव्हा यांच्यावर संतापावंसं वाटलं तेव्हा संतापही धड पूर्ण करता आला नाही.

दाढेजवळ जखम झाली आणि भरेना. दाताच्या डॉक्टरांनी तुकडा काढायला पाठवलं. कॅन्सर निघाला. मग सगळं घाईघाईनेच झालं. डाव्या बाजूचा जबडा आणि गालाचा आतला भाग काढला, मानेतल्या गाठी काढल्या, छातीवरचा मांस-कातड्याचा तुकडा फिरवून वर आणून गालात बसवला. आठ तास. बाहेरच्या बाकावर माझ्या मांडीवर यांची चप्पल, घड्याळ आणि चष्मा असलेली पिशवी होती, आणि मी आठ तास ती पिशवी खाली ठेवली नाही. श्वासासाठी गळ्यात नळी टाकलेली, त्यामुळे आवाज नाही. मी घरून मुलीची जुनी पाटी नेली होती. शुद्धीवर आल्यावर यांनी थरथरत्या हाताने पहिला शब्द लिहिला. मी वाकून वाचला. "नळ?" सकाळचं पाणी कोणी भरलं याची काळजी. मी हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि मग खरंच शेजारी फोन करून पाणी भरायला सांगितलं, कारण कोणीच भरलं नव्हतं.

घरी सोडताना नर्सने मला नाकातल्या नळीतून फीड द्यायला शिकवलं. पाच मिनिटांत. तिच्यामागे बारा खाटा होत्या, तिला दोष नाही. पण ज्या हातांनी मी आजवर फार तर मुलीला कफ सिरप पाजलं होतं त्या हातांत एक मोठी सिरिंज आली आणि मी दाराबाहेर पडले. खरं शिक्षण मिळालं ते पांढरकवड्याच्या एका बाईकडून. तिचा नवरा शेजारच्या खाटेवर होता. ती शाळेत चौथीपर्यंत गेलेली, मी बी.एड. तिने मला सांगितलं, चहाच्या गाळणीने भागत नाही, जुन्या सुती लुगड्याच्या फडक्याने गाळ. एक कण राहिला तरी नळी चोंदते आणि मग रात्री दोनला काय करशील बाई? आधी पाणी, मग फीड, मग पुन्हा पाणी. बसवूनच द्यायचं, आणि नंतर अर्धा तास तरी आडवं होऊ द्यायचं नाही. आणि सिरिंजचा दट्ट्या दाबायचा नाही. तो काढूनच ठेवायचा. सिरिंज उंच धरायची, आपल्या वजनाने उतरतं. "घाई केली तर उलटून येते," ती म्हणाली. "आपला हात दुखला तरी दुखू द्यावं."

दर अडीच तासांनी एक फीड. दूध, नाचणीची पेज, डाळीचं पाणी, अंडं, शिजवलेलं सफरचंद. पहिला मिक्सर त्यातच संपला. सिरिंज धरून उभं राहिलं की दंड भरून यायचा. नळीतून पांढरी रेघ सावकाश खाली सरकताना दिसायची. त्या अडीच तासांत स्वयंपाक, गाळणं, भांडी उकळणं, कपडे, औषधं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. रजा संपत आली होती. आमच्या नोकरीत बालसंगोपन रजा असते. नवरासंगोपन रजा असते का, असं मी एकदा शाळेतल्या क्लार्कला विचारलं तर तो बिचारा खरंच फाइल उघडून बघू लागला.

एका दुपारी, एप्रिलमधली, कूलर बंद, वीज गेलेली, मी सिरिंज धरून उभी होते. खिडकीतून कोपऱ्यावरचा ठेला दिसतो. तिथे चार पोरं उभी, आणि तो खस्स-खस्स आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत येत होता. माझ्या डोक्यात काय गेलं कोण जाणे. मी दट्ट्या लावला आणि दाबला. दोन सेकंद असतील. यांना ठसका लागला, डोळे पांढरे झाले, दूध नाकातून, गळ्यापाशी, सगळीकडे. मी पाठ चोळत राहिले, सॉरी सॉरी म्हणत राहिले. ठसका थांबल्यावर यांनी पाटी मागितली. मला वाटलं, आता काहीतरी लिहितील. यांनी पाटीचं फडकं घेतलं आणि आपल्या हाताने गादीवरचं दूध पुसलं. पाटीवर काही लिहिलं नाही. नंतरही कधी नाही.

त्याच्याच दुसऱ्या बाजूला हेही आहे. छातीचं कातडं गालात बसवलेलं, आणि छातीवर केस. काही आठवड्यांनी ते केस तोंडात वाढू लागले. कोणी आधी सांगितलं नव्हतं. यांना जिभेला काहीतरी लागायचं, मळमळायचं. मग दर रविवारी खिडकीच्या उजेडात खुर्ची ओढून मी मोबाइलचा टॉर्च तोंडात मारायची आणि मिशी कापायच्या छोट्या कात्रीने, जेवढी फट होती तेवढ्यातून, एकेक केस कापायची. पंचवीस वर्षांच्या संसारात इतक्या जवळून मी यांना कधी बघितलं नव्हतं. एकदा यांना हसू आलं, कात्री आत असताना, आणि मी ओरडले, आणि दोघंही हसत सुटलो. पुढे रेडिएशन सुरू झालं तसे ते केस झडून गेले. मला, खोटं कशाला सांगू, थोडं चुकल्यासारखं झालं.

रेडिएशनच्या तीस सिटिंग. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. मधे दोनदा मशीन बंद पडली आणि सहाचे सात झाले. जाळीचा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसवून टेबलाला खिळवायचे, आत दहा-पंधरा मिनिटं, बाहेर तीन तास. त्या बोळात सगळा नकाशा बसलेला असायचा. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया, इकडून बालाघाट, छिंदवाडा, राजनांदगाव. कोणाजवळ फुले योजनेची फाइल, रेशन कार्डाची झेरॉक्स, कोणाजवळ नुसतीच पिशवी. काहींनी आवारातल्या झाडाखाली बिऱ्हाड मांडलेलं, दगडांची चूल, गंजात भात. बाहेरच्यांची भाषा वेगवेगळी, पण नाव एकच होतं: "पेशंटवाले". खिडकीतून आवाज यायचा, "चौदा नंबरचे पेशंटवाले कोण?" की मी उठायची. सात आठवडे मला दुसरं नाव नव्हतं. भंडाऱ्याचे एक काका होते. धोतर-टोपीतले, सत्तरीचे. बायकोचं स्तनाचं ऑपरेशन झालेलं आणि काखेतल्या गाठी काढल्यामुळे हात सुजलेला, त्या हाताला ना सुई टोचायची ना बीपीचा पट्टा बांधायचा. तिला निऱ्या घालता येत नव्हत्या. काका त्या बोळाच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून, रोज तिच्या साडीच्या निऱ्या घालून द्यायचे. पहिल्या आठवड्यात जमत नव्हतं. शेवटच्या आठवड्यात एखाद्या नववधूच्या मावशीसारख्या चापूनचोपून. कोणी बघितलं की म्हणायचे, "शेतात दोर वळले, हे काय मोठं."

मुंबईला टाटामध्ये एकदा दाखवून आलो. विदर्भ एक्स्प्रेसने. कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री-एसीमध्ये तिकीट पूर्ण माफ, आणि सोबतच्या माणसाला 75 टक्के सूट. तो हॉस्पिटलच्या सहीचा फॉर्म मी कितीतरी वेळ बघत होते. एवढ्या कागदांत, एवढ्या खिडक्यांवर, पेशंटशेजारी आणखी एक जीव प्रवास करतो हे कोणी छापील रकान्यात मान्य केलं असेल तर ते रेल्वेने. माझ्या वाट्याला पाव तिकीट आलं. मी ते अजून ठेवलं आहे.

भेटायला येणारे खूप. आपल्याकडे माणसं येतात, हे चांगलंच. पण ज्याला चावता येत नाही त्याच्यासाठी सगळे सफरचंदं आणतात. एका आठवड्यात नऊ किलो झाली. सफरचंद, मग चहा, मग अमक्याच्या साल्याने घेतलेलं आयुर्वेदिक, गव्हांकुराचा रस, मग आवाज खाली आणून "खर्रा खायचे ना?", आणि जाताना मला, "तू खंबीर राहा." मी खंबीर राहून चहाचे कप विसळत असे. एका वहिनींचं मात्र वेगळं. समोरच्या फ्लॅटमधल्या. त्यांनी कधी काही आणलं नाही, काही विचारलं नाही. दर मंगळवारी चारला यायच्या, यांच्या खोलीत खुर्ची टाकून वाती वळत बसायच्या आणि मला म्हणायच्या, "जा तू सहापर्यंत." फीड कसं द्यायचं ते त्यांनी माझ्याकडून दोनदा बघून शिकून घेतलं होतं. पहिल्या मंगळवारी कुठे जायचं तेच मला कळेना. मी सीताबर्डीला गेले आणि मेट्रोत बसले. मे महिना, बाहेर पंचेचाळीस, आत गार. खापरीपर्यंत गेले, तिथून परत. वर्धा रोड खालून सरकत होता आणि मी खिडकीला डोकं टेकून झोपले. पुढचे सगळे मंगळवार हेच केलं. घरी सांगायची, औषधं आणायला गेले होते. झोपायला गेले होते असं कसं सांगणार?

त्या बोळातच एकदा सोशल वर्कच्या कॉलेजची एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात प्रश्नावली. पेशंटच्या नाही, सोबतच्या माणसाच्या त्रासाबद्दल, असं म्हणाली. मी चमकून बघितलं. स्टीव्हन झरिट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1980 साली हे सुरू केलं, आता यात बावीस प्रश्न आहेत, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. म्हणजे एकूण 88. परीक्षेचा पेपर बघावा तसा मी तो बघितला. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का? तब्येत बिघडली असं वाटतं का? ही जबाबदारी दुसऱ्या कोणावर सोपवावी असं वाटतं का? पर्याय: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, जवळजवळ नेहमी. मी भराभर उत्तरं देत गेले. मग एक प्रश्न आला, त्यांच्याजवळ असताना तुम्हाला राग येतो का? हे माझ्या उजवीकडे बसले होते, मुखवट्याच्या जाळीची नक्षी अजून गालावर उमटलेली. "कधीच नाही," मी म्हटलं. मुलीने शून्य लिहिला. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण गुडघ्यावरचा हात उचलून माझ्या हातावर दोनदा थोपटला. खोटं बोललीस, असेना का, असं काहीतरी. किंवा तसं नसेलही. मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता हे बरे आहेत. लोक असंच म्हणतात, आणि स्कॅनही तेच म्हणतात. तपासणीच्या तारखा आता लांब लांब येतात, आणि तारखेच्या आदल्या रात्री आम्ही टीव्हीचा आवाज मोठा ठेवतो. सफरचंदं बंद झाली, माणसंही. त्यात त्यांची चूक नाही, पेशंट बरा झाला म्हणजे पेशंटवाला आपोआप सुटतो असा सगळ्यांचाच समज. पण लाळ आटली आहे, त्यामुळे पाण्याची बाटली शरीराचा भाग झाली आहे. रोज सकाळी आईस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्यांची गड्डी दातांमधे सरकवून तोंड उघडायचा व्यायाम. नऊ काड्यांपासून सुरुवात केली, आता चौदा. आमच्या घरी प्रगती काड्यांत मोजतात. आणि बोलणं. प, ब, म निसटतात, च आणि स एकमेकांत मिसळतात. मला सगळं कळतं, दुसऱ्या कोणाला अर्धंही नाही. बँकेतून फोन आला की पलीकडची मुलगी म्हणते, खातेदाराशीच बोलायचंय. हे बोलतात, ती म्हणते आवाज तुटतोय. मग मी फोन घेऊन यांचं वाक्य यांच्याच शब्दांत परत म्हणते, आणि कधीकधी, यांना कळणार नाही अशा बेताने, थोडं दुरुस्त करून. लग्नाला आम्ही जात नाही. गेलोच तर अहेर देऊन परत. घरी हे जेवतात तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसतात, मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मुद्दाम काहीतरी निवडत बसते. आणि दिवसातून चारदा मिक्सर.

तर ठरल्याप्रमाणे, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, मी मिक्सर आणायला गेले. मारबतीचा, रोगराईची ती मोठी पुतळी मिरवत नेऊन जाळायचा दिवस आहे हे डोक्यातून साफ गेलं होतं. महालात पाय ठेवायला जागा नव्हती. रिक्षा लांब सोडली आणि भिंतीला धरून त्या गल्लीपर्यंत पोचले. ढोल, ताशे, छतांवर माणसं, आणि मधूनच ती आरोळी, "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" शंभराहून जास्त वर्षं हे शहर दरसाल ओरडून सांगतं आहे. मी लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून ओरडले आहे. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. तो आत होता, बायको पायरीवर उभी, मुलगा तिच्या कडेवर मावत नसतानाही कडेवर, आणि त्याच्या हातात रंगवलेला बैल. त्याने मिक्सर बाहेर सरकवला, एकदा चालवून दाखवला, पण ढोलांमुळे काही ऐकूच येईना.

मी बायकोच्या कानाशी वाकून म्हटलं, त्यांचं तोंड किती उघडतं? तिला कळलं नाही. मी तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडाजवळ नेली. तिने मान हलवली आणि ओरडून म्हणाली, "तीनशे नाही, ताई! साडेतीनशे सांगितले त्यांनी!"

मी साडेतीनशे दिले.

मारबत पुढे गेली, तिच्यामागे गर्दी ओढली गेली आणि गल्लीत एकदम पोकळी झाली. मुलगा खाली उतरून पळाला. मग मी पुन्हा विचारलं, या वेळी साध्या आवाजात. ती माझ्याकडे बघत राहिली. आत तो पाना शोधत होता. "दोन जातात," ती हळूच म्हणाली. "दिवाळीले अडीच जात होते. ते झोपले की मी पाहतो." तिने आपली बोटं साडीला पुसली, जणू आत्ताच बघून आली होती. "तुम्हीच सांगा ना त्यायले, ताई. माझं नाही ऐकत."

मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, गिऱ्हाइकाचं ऐकतात तसं. "हो ताई, सोडूनच राहिलो आता." मी बिलाच्या पाठीमागे लिहिलं: मेडिकलच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय, ओपीडी, सकाळी लवकर जा. त्याच्याखाली माझा नंबर. तो कागद मी त्याला दिला नाही, तिला दिला. तिने घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. तिच्या हातात तेव्हा डबा होता, झाकण लागलेला, आत काय होतं ते मी विचारलं नाही.

घरी येऊन पुरण फिरवलं. पोळ्याचं उरलेलं, दूध घालून सैल केलेलं. यांनी टेबलावरून मान वर केली आणि काहीतरी म्हटलं, जे दुसऱ्या कोणालाच कळलं नसतं. आवाज वेगळा येऊन राहिला याचा. मी म्हटलं, कार्बन नवीन आहेत.

याला अकरा दिवस झाले. हल्ली अनोळखी नंबर आला तरी मी उचलते. वर्गात असले तरी बाहेर येऊन उचलते. बहुतेक क्रेडिट कार्डवाले असतात.